अंगणातल्या पुलाचा कठडा

कोकणात पुष्कळ घरांच्या आणि रस्त्याच्या मध्ये पऱ्या वाहतो. पूर्वी तो ओलांडण्यासाठी पोफळीच्या खोडांचा साकव असे. आता मोटार थेट अंगणात यावी म्हणून त्या जागी काँक्रीटचा स्लॅब पडला आहे. साकवावरून जाताना माणूस जपून पाऊल टाकी. रुंद स्लॅबवर ती सावधगिरी उरत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या रुग्ण असलेल्या एक आजी अशाच पुलावरून खाली पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. कठडा नव्हता असे नाही. तो नक्षीदार होता, चकचकीत स्टीलचा होता; परंतु जेमतेम गुडघ्याच्या वर पोहोचत होता. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. त्याहून पुष्कळ खाली असलेला कठडा तोल गेलेल्या देहाला अडवीत नाही. उलट तरफेच्या टेकूसारखा त्याला पलीकडे उलटवतो. म्हणून कठडा निदान १ मीटर, शक्यतो १.२ मीटर उंच असावा. मात्र एवढ्या उंचीवर वृद्धांना हाताचा आधार नीट घेता येत नाही. त्यासाठी आतल्या बाजूने ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर निराळा गोल दांडा बसवून घ्यावा. त्याची जाडी सुमारे ४ सेंटिमीटर असली म्हणजे संधिवाताची बोटेही त्याला बरी धरतात. हा दांडा पुलाच्या दोन्ही टोकांपुढे फूटभर न्यावा, कारण माती आणि काँक्रीट जेथे भेटतात तेथेच पाऊल अडखळते.

घरात नातवंडे असतील तर गज उभेच हवेत. आडवे गज म्हणजे मुलांना आयती शिडी. दोन गजांतील फट १० सेंटिमीटरहून कमी ठेवावी. कडेने वीतभर उंचीचा काँक्रीटचा बांध घातल्यास काठीचे टोक बाहेर निसटत नाही आणि मोटारीच्या चाकालाही हद्द कळते. मोटार अडविणे हे मात्र हलक्या गजांचे काम नव्हे. त्याकरिता अभियंत्याचाच सल्ला घ्यावा.

आता शोभेविषयी. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकचकीत स्टीलची तिरीप सहन होत नाही, शिवाय ते उन्हात तापते. मधुमेहाने हातांची संवेदना मंदावलेल्यास चटका उशिरा कळतो. त्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणि त्यावर जांभ्याच्या व काँक्रीटच्या रंगात न मिसळणारा रंग बरा. मधुमालती जरूर चढवावी, पण बाहेरच्या बाजूने. दांडा मोकळाच राहू द्यावा. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांब जोराने हलवून पाहावा. तो काँक्रीटमध्ये शिरतो तेथे पाणी साचून गंज धरतो, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

त्या आजींच्या मुलाने नवा कठडा केला आहे. परवा त्या वॉकर घेऊन पुलापर्यंत आल्या, दांडा धरून पाहिला आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, धरायला चांगला आहे हो, पण हा पिवळा रंग कोणी सुचवला?"