बंदी उठली, थकबाकी राहिली

8 मे 1971 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एक लाख प्रेक्षकांसमोर आर्सेनलने लिव्हरपूलचा 2-1 असा पराभव केला आणि इंग्लंडचा फुटबॉल चषक जिंकला. दुसऱ्याच दिवशी, त्याच शहराच्या दक्षिण भागात क्रिस्टल पॅलेसच्या क्रीडाकेंद्रात आणखी एक अंतिम सामना झाला. साउथॅम्प्टनच्या महिला संघाने स्कॉटलंडहून आलेल्या स्ट्युअर्टन थिसल या संघावर 4-1 अशी मात केली. बाद पद्धतीने खेळल्या गेलेल्या या महिला चषकस्पर्धेचा तो पहिला हंगाम. त्यात 71 संघ उतरले होते. करंडकाला क्रीडासाहित्य बनविणाऱ्या मायटर कंपनीचे नाव होते. खेळणाऱ्या स्त्रियांना मोबदला नव्हता.

या घटनेचे वर्णन पुढे फार गोड शब्दांत होऊ लागले. काळ बदलला, विचार उदार झाले, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने स्त्रियांवरील बंदी 1970 साली उठविली आणि स्त्रियांना खेळाचे दार खुले झाले, असे सांगितले जाते. वरून मिळालेल्या देणगीची भाषा ती हीच. ती स्वीकारण्यापूर्वी बंदी कोणी घातली, केव्हा घातली आणि नेमके काय हिरावून घेतले, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर आणि कंपनी या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी आपला फुटबॉल संघ उभा केला. 1917 च्या नाताळात त्यांनी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी सामना खेळला, तेव्हा दहा हजार लोक जमले. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर याच संघाचा सेंट हेलेन्सशी सामना झाला. 53 हजार प्रेक्षक आत होते, कित्येक हजार दाराबाहेरून परतले आणि धर्मादायासाठी 3 हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. स्त्रियांचा खेळ पाहायला कोण येतो, असे विचारणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

ही रक्कम युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी आणि बेकार माजी सैनिकांसाठी जात होती, तोवर प्रस्थापितांना त्यात वावगे दिसले नाही. 1921 च्या वसंतात सरकारने कोळसाखाणी पुन्हा मालकांच्या हवाली केल्या. मालकांनी मजुरी कापली, आणि ती कपात नाकारणाऱ्या खाणकामगारांवर टाळेबंदी लादली. रेल्वे व वाहतूक कामगारांच्या संघटनांनी 15 एप्रिलला ऐन वेळी माघार घेतली. खाणवस्त्यांतील चुली विझू लागल्या. त्या महिन्यांत स्त्रियांचे संघ खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळत होते. गेटवर जमणारा पैसा लंगरांकडे जाऊ लागला होता.

त्याच वर्षी 5 डिसेंबरला फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, म्हणून संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. ठरावाला दुसरेही एक कलम होते आणि त्याची आठवण सहसा काढली जात नाही. जमलेल्या पैशातील फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादायाकडे पुरेसा पोचत नाही, अशी तक्रार त्यात होती. स्त्रियांच्या प्रकृतीची काळजी वाहणाऱ्या मंडळींना त्यांच्या हिशेबवहीचीही काळजी वाटावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. हजारो प्रेक्षक आणि हजारो पौंड ज्या खेळाभोवती गोळा होतात, तो आपल्या मक्तेदारीबाहेर, कामगार स्त्रियांच्या हाती राहावा आणि त्यातून टाळेबंदीतल्या मजुरांच्या घरी भाकरी जावी, हे क्लबांच्या धनिक चालकांना रुचणारे नव्हते. टाळेबंदी हाच एकमेव हेतू होता असे नव्हे, परंतु केवळ नाजूक प्रकृतीच्या चिंतेने हा ठराव झाला, असे मानण्यासाठी बराच भाबडेपणा लागेल.

बंदीचे शस्त्र साधे होते. स्त्रियांना खेळू नका असे कोणी म्हटले नाही, फक्त मैदान काढून घेतले. प्रेक्षकांना बसायला जागा, तिकिटांची खिडकी आणि कुंपण जेथे होते, ती सगळी मैदाने संलग्न क्लबांचीच होती. उरली ती गावाबाहेरची माळराने आणि उद्याने. उत्पादनाची साधने मालकाच्या हाती असली म्हणजे मजुराचे कौशल्य कसे निष्फळ होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही.

तरीही स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. त्याच डिसेंबरात त्यांनी स्वतःची इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन स्थापन केली आणि 1922 साली बाद पद्धतीची चषकस्पर्धाही भरविली. 24 जूनच्या अंतिम सामन्यात स्टोकच्या संघाने डॉनकॅस्टर अँड बेंटली संघाचा 3-1 असा पराभव केला. म्हणजे 1971 चा चषक ‘पहिला’ नव्हताच. पहिला चषक 49 वर्षांपूर्वी जन्मला आणि मैदानाअभावी एका हंगामातच संपला. डिक, कर संघ मात्र नाव बदलून 1965 पर्यंत खेळत राहिला.

साठीच्या दशकात हालचाल पुन्हा सुरू झाली, तीही खालूनच. केंटमधील डील या गावी आर्थर हॉब्स नावाच्या सुताराने 1967 साली महिला संघांची स्पर्धा भरविली. 1969 मध्ये विमेन्स फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे 44 क्लब होते. मधल्या 1968 साली फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्यातील शिवणयंत्रांवरच्या स्त्रियांनी संप करून समान वेतनाचा प्रश्न संसदेपर्यंत नेला आणि 1970 साली तो कायदा झाला. बंदी उठली ती या वातावरणात. दार आतून उघडले असेल, परंतु बाहेरून कोण ढकलत होते हे विसरता येत नाही.

स्कॉटलंडची कथा अधिक कडवट आहे. तेथील फुटबॉल संघटनेने 1974 पर्यंत स्त्रियांच्या खेळाला मान्यताच दिली नाही. म्हणून स्कॉटिश स्त्रिया इंग्लंडच्या चषकासाठी उतरल्या आणि 1971, 1972 व 1973 या तिन्ही वर्षी अंतिम सामन्यात साउथॅम्प्टनशी लढून हरलेला संघ स्कॉटलंडचाच होता. स्ट्युअर्टन थिसलमधून पुढे आलेल्या रोझ रायली हिला खेळावर पोट भरण्यासाठी इटलीत जावे लागले आणि पुढे ती इटलीच्याच राष्ट्रीय संघाकडून खेळली.

नव्या महिला संघटनेचेही सारे गुणगान करण्याचे कारण नाही. 1971 च्याच उन्हाळ्यात हॅरी बॅट यांनी काही इंग्लिश मुलींचा संघ मेक्सिकोतील अनधिकृत विश्वचषकाला नेला. तेथील अंतिम सामना ॲझ्टेका मैदानावर लाखभर लोकांनी पाहिला. परतल्यावर या खेळाडूंना काही महिन्यांची बंदी भोगावी लागली आणि बॅट यांना कायमचे दूर करण्यात आले. ती बंदी महिला संघटनेनेच घातली. अधिकृत मान्यता हाती येताच अधिकृततेची भाषा किती लवकर अंगवळणी पडते, हे चळवळीतल्या माणसांनी ओळखावे.

पुढे 1993 साली फुटबॉल असोसिएशनने महिलांची संघटना आपल्यात सामावून घेतली आणि स्पर्धाही ताब्यात घेतली. 1921 च्या ठरावाबद्दल 2008 साली तिने माफी मागितली. वेम्बलीवर महिलांचा अंतिम सामना व्हायला 2015 साल उजाडले, आणि 2023 च्या अंतिम सामन्याला 77 हजारांवर प्रेक्षक आले. 2022 साली मात्र विजेत्या महिला संघाचे बक्षीस 25 हजार पौंड आणि पुरुष संघाचे 18 लाख पौंड होते. ती रक्कम नंतर वाढविली गेली. पण त्या तफावतीचे समर्थन करताना बाजाराचा हवाला देण्यात आला. ज्यांची बाजारपेठ पन्नास वर्षे बळाने बंद ठेवली, त्यांनाच बाजारात तुमची किंमत कमी असे सांगणे, हा हिशेब सावकारी थाटाचा आहे.

माफीसोबत थकबाकी मात्र चुकती झालेली नाही. मैदानांचे भाडे, बुडालेल्या गेटचे उत्पन्न, वाया गेलेल्या दोन पिढ्या यांचा हिशेब मांडायला असोसिएशन बसेल तेव्हा बसो. तिच्या विजेत्यांच्या यादीत पहिले नाव साउथॅम्प्टनचे आहे. त्याच्या वर 1922 चा स्टोक संघ लिहिण्यास एक पौंडही खर्च येणार नाही.