आधी बिघाड दाखवा, मग वेग

फेब्रुवारी २०१८मधल्या एकाच आठवड्यात महाराष्ट्राला दोन नव्या वाहतूक-व्यवस्था पाहायला मिळाल्या. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातून वाकांडा नावाच्या आफ्रिकी देशातल्या, चुंबकीय बळावर अधांतरी धावणाऱ्या गाड्या पडद्यावर आल्या. आणि ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत मुंबई-पुणे हायपरलूपचा करार जाहीर झाला. जवळपास निर्वात नळीतून पंचवीसेक मिनिटांत पुणे, असा त्याचा वायदा होता. वाकांडा नकाशावर नाही, हे सिनेमाचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. हायपरलूपला मात्र पुढच्याच वर्षी सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ज्या कंपनीशी करार झाला, तिने २०२०मध्ये नेवाडाच्या वाळवंटात पाचशे मीटरच्या नळीत दोन माणसे बसवून चाचणी घेतली, २०२२मध्ये प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे मोर्चा वळवला आणि २०२३च्या अखेरीस गाशा गुंडाळला. म्हणजे आज या दोन्ही गाड्या एकाच, कधीही न सापडणाऱ्या देशात धावत आहेत. पहिला प्रवासी गाडीत चढेपर्यंत प्रत्येक वाहतूक-प्रकल्प हा काल्पनिक देशच असतो. तेव्हा त्याला लावायची कसोटीही काल्पनिक देशांकडूनच घ्यायला हरकत नाही: ही व्यवस्था बंद कशी पडेल, हे ती रचणाऱ्याला सांगता येते का?

या कसोटीला सर्वांत नेटाने उतरलेला काल्पनिक प्रदेश लहान मुलांच्या पुस्तकांत आहे. ‘थॉमस’ या निळ्या इंजिनामुळे जगभर पोचलेले सोडोर बेट विल्बर्ट ऑड्री या इंग्लिश धर्मगुरूने रचले. इंग्लंडचा कंब्रिया किनारा आणि आइल ऑफ मॅन यांच्या मधल्या समुद्रात त्याने ते वसवले. त्याचे पहिले पुस्तक १९४५ साली आले आणि लवकरच बालवाचकांची पत्रे येऊ लागली: या चित्रातले स्टेशन त्या चित्रातल्या स्टेशनाशी जुळत कसे नाही? ऑड्रीने हे प्रश्न हसण्यावारी नेले नाहीत. जॉर्ज या आपल्या भावाला हाताशी धरून त्याने बेटाचा नकाशा आखला. कुठे खाण, कुठे बंदर, कोणता फाटा कोणत्या मालासाठी आणि केव्हा टाकला गेला, हे ठरवले. दोघांच्या या कामाचे पुस्तक १९८७ साली निघाले, आणि त्यात गोष्टी नाहीत. आहे तो बेटाचा भूगोल, इतिहास आणि रेल्वेचा तपशील. इथली डोंगरातली छोटी रेल्वे वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर बेतलेली आहे. ती खरी रेल्वे १९५१पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि ऑड्रीने स्वतः तिच्यावर गार्डचे काम केले होते.

पण सोडोर खरे वाटते ते नकाशामुळे नव्हे, अपघातांमुळे. ऑड्रीच्या गोष्टींत सतत काहीतरी बिघडते. हेन्री नावाच्या इंजिनाची भट्टी लहान असल्यामुळे हलक्या प्रतीच्या कोळशावर त्याला वाफ धरत नाही. चांगला, महागडा वेल्श कोळसा आणल्यावरच ते चालू लागते. पुढे एका हिमाच्या पहाटे मासळीची गाडी ओढताना याच इंजिनाला अपघात होतो. बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली येऊन ‘मार्ग मोकळा’ असे दाखवतो, सांधा गोठून चुकीच्या बाजूला अडकतो, आणि गाडी बाजूला उभ्या मालगाडीवर आदळते. जानेवारी १८७६मध्ये इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टनला बर्फाने अडकलेल्या सिग्नलांमुळेच भीषण अपघात झाला होता. तेव्हा सिग्नल एरवी ‘मोकळा’ ठेवण्याची रीत होती. त्या अपघातानंतर ती उलटली: सिग्नल मुळात ‘धोका’ दाखवील आणि गाडी येताना खात्री करूनच तो उतरवला जाईल. यंत्रणा बिघडली तर तिने गाडी थांबवावी, पुढे ढकलू नये, हे तत्त्व रेल्वे अशा अपघातांतून शिकली. वेल्समधल्या स्नोडन पर्वतावरच्या रेल्वेचे एक इंजिन १८९६ साली उद्घाटनाच्याच दिवशी दातेरी रुळावरून सुटून दरीत कोसळले. तीही घटना ऑड्रीच्या पुस्तकात उतरली आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना जो माणूस सांध्यात बर्फ अडकल्यावर काय होते ते सांगतो, त्याने आपली रेल्वे शेवटपर्यंत विचारात घेतलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की, वाकांडाशी ही तुलना अन्यायाची आहे. हा आक्षेप वजनदार आहे. वाकांडा १९६६ साली अमेरिकी कॉमिकमध्ये अवतरले आणि २०१८च्या चित्रपटात हॅना बीचलर यांनी त्याला जे नगररूप दिले, त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. त्या शहराचे काम वेळापत्रक सांगण्याचे नव्हते. आफ्रिकेतल्या वसाहतकालीन रेल्वेमार्गांपैकी बरेचसे खाण किंवा मळ्यापासून थेट बंदरापर्यंत टाकले गेले. देशातली शहरे एकमेकांना जोडण्यापेक्षा माल बाहेर नेणे हे त्यांचे काम होते. मोम्बासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे तर हजारो हिंदी मजुरांच्या कष्टांवर उभी राहिली. अशा खंडात, ज्याच्या खाणीतली गाडी आपल्याच माणसांसाठी धावते असा कधीही वसाहत न झालेला देश कल्पणे, हे एक राजकीय विधान आहे आणि चित्रपट ते ठामपणे करतो. तेव्हा दोष वाकांडाचा नाही. चित्रपटाचे नियम सरकारी सादरीकरणाला लागू होतात तेव्हा घोटाळा होतो. पडद्यावरच्या गाडीला भूसंपादन, पावसाळा किंवा सुटे भाग नसले तरी चालते. ज्या गाडीसाठी जनतेची जमीन आणि पैसा घ्यायचा, तिला हे चालत नाही.

दुसरा आक्षेप स्वप्नांच्या बाजूने येतो: सारखे बिघाडच मोजत बसलो तर मोठे काही घडणारच नाही, कोकण रेल्वेलाही लोक अशक्य म्हणत होते. उदाहरण योग्य आहे, पण ते उलट बाजूची साक्ष देते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला, तेव्हा बोगदे आणि पूल यांचे कौतुक झाले. मार्गाची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात झाली. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले आणि पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ पुन्हा दरडीनेच गाडी घसरली. त्यानंतर डोंगरउतार कापणे, जाळ्या बसवणे यांवर जोर आला. आज पावसाळ्यात इथे वेगळे वेळापत्रक लागते, गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवला जातो आणि रुळांवर गस्त घातली जाते. कोकणातला प्रवासी या मार्गावर विश्वास टाकतो तो जूनमधल्या या कबुलीमुळे. स्वप्न टिकले, कारण ते कुठे तुटते हे मान्य केले गेले.

मुंबईची मोनोरेल हे याचे दुसरे टोक. फेब्रुवारी २०१४मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा देशातली पहिली मोनोरेल म्हणून तिची चित्रे सगळीकडे झळकली. नोव्हेंबर २०१७मध्ये डब्यांना आग लागली आणि सेवा सुमारे दहा महिने बंद राहिली. सुट्या भागांच्या टंचाईमुळे गाड्या आगारात अडकल्या. ऑगस्ट २०२५मध्ये मुसळधार पावसात खच्चून भरलेली गाडी उंच मार्गिकेवर बंद पडली आणि अडकलेल्या पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून उतरवावे लागले. पुढच्याच महिन्यात सेवा थांबवली गेली. यातले काहीच दैवी नव्हते. पावसात लोकल ठप्प झाली की गर्दी मोनोरेलकडे वळणार, एकपदरी तुळईवर अडकलेल्या गाडीतून चालत बाहेर पडायला वाट नसणार, परदेशी बनावटीच्या डब्यांचे भाग चटकन मिळणार नाहीत, हे पहिल्या दिवशीही कागदावर मांडता आले असते.

तिसरा आक्षेप खुद्द सोडोरवर आहे, आणि तो मान्य करावा लागतो. १९६३च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधल्या हजारो स्थानकांवर आणि मैलांवर फुली मारली, १९६८ साली ब्रिटिश रेल्वेवरून वाफेची नियमित सेवा संपली. पण सोडोरवर फाटेही वाचले आणि वाफेची इंजिनेही. टोबी या ट्राम-इंजिनाच्या १९५२च्या गोष्टीत प्रवासी बसकडे आणि माल ट्रककडे जातो नि मार्ग बंद होतो, म्हणजे ऑड्रीला वस्तुस्थिती कळत होती. तिथून सुटका मात्र एका दयाळू साहेबामुळे होते, आणि त्याचे बिल कुणी भरले हे कधीच कळत नाही. खऱ्या देशात असा साहेब नसतो. आपल्याकडे तर रस्ता एकाचा, पूल दुसऱ्याचा, बस तिसऱ्याची आणि जबाबदारी कुणाचीच नाही अशी वाटणी असते. म्हणून सोडोरची कसोटी पुरेशी नाही. तिला पैशाचा प्रश्न जोडावा लागेल.

तर मागणी साधी आहे. देखभालीचे आकडे सविस्तर प्रकल्प अहवालात कुठेतरी असतातही, पण लोकांपुढे येते ते फक्त चकचकीत चित्र आणि वाचणारी मिनिटे. मेट्रो, बोगदा, सागरी मार्ग, काहीही जाहीर करताना त्याच पानावर तीन उत्तरे छापावीत: गाडी मध्येच बंद पडली तर माणसे किती वेळात आणि कशी बाहेर येतील, दरवर्षीच्या देखभालीला किती पैसा लागेल आणि तो कोण देईल, बांधणारी कंपनी निघून गेल्यावर सुटे भाग कोण पुरवील. उत्तरे जाहीर झाली की प्रश्न विचारणारे आपोआप भेटतील. ऑड्रीचा नकाशा शाळकरी मुलांच्या पत्रांमुळे सुधारला, इथे तर अभियंते, मोटरमन आणि रोजचे प्रवासी आहेत. अशाने काही प्रकल्प मंजूरच होणार नाहीत, अशी भीती घातली जाईल. व्हायलाही नकोत. २०१८ साली हायपरलूपला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देता आले नसते, आणि त्यावर खर्ची पडलेली सरकारी वर्षे लोकल, बेस्ट आणि एसटी या रोज बंद पडणाऱ्या, तरीही रोज लोकांना घरी पोचवणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीला मिळाली असती.