चहाला जात नसते म्हणे!

मराठी ललित लेखनातली चहाची गोडी काही केल्या आटत नाही. दिवाळी अंक चाळावेत, संध्याकाळच्या मैफली ऐकाव्यात. कुणी आल्याच्या चहाचा, कुणी गवती चहाचा, कुणी अमृततुल्यातल्या वेलदोड्याचा, तर कुणी फिल्टर कॉफीचा महिमा गात असतो. 'तुम्ही आत्ता काय पिताय?' हा प्रश्न तसा निरुपद्रवीच. या गप्पांना आमची हरकत नाही. चहाबाज आम्हीही आहोत. आमची हरकत आहे ती अशा गप्पांच्या अखेरीस हटकून येणाऱ्या सिद्धान्ताला. चहा सर्वांना एका पातळीवर आणतो, चहाला जात नसते, टपरीवर सारे सारखे! हे विधान निखालस खोटे आहे. ते करणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास अवगत असतो, म्हणून ते अधिकच आक्षेपार्ह ठरते.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मधून चव्हाट्यावर आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांना काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगावे लागले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगितला जातो. त्यातले एक मर्म मात्र सहसा सांगितले जात नाही. या मंडळींना प्रायश्चित्ताची वाट तरी मोकळी होती. ज्यांचा स्पर्शच विटाळ मानला जात होता, त्यांच्यासाठी कोणत्याही धर्मपीठाकडे प्रायश्चित्त नव्हते.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढले, तेव्हा त्यांच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. खुद्द राजर्षी शाहू महाराज तिथे जाऊन सर्वांदेखत चहा पिऊ लागले. चहाला जात नसती, तर एका छत्रपतीला कपभर चहासाठी एवढी तसदी का घ्यावी लागली असती? शाहू महाराजांना जे कळत होते, ते आमच्या ललितलेखकांना कळत नाही असे आम्ही मानत नाही. ते त्यांना गैरसोयीचे वाटते, इतकेच.

यावर ठरलेले उत्तर येते : 'तो काळ गेला.' काळ कायद्यातून गेला, हे खरे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्याने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. १९५५ साली अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरवणारा कायदाही झाला. त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, १९८४ साली आलेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त चहाच्या हॉटेलातली दलितांसाठीची वेगळी कपबशी आहेच. ते पुस्तक आम्ही वर्गात शिकवतो. तास संपवून मग चहाच्या समतेवरचा लेख तितक्याच तन्मयतेने वाचतो. या दोन वाचनांचा आपसांत काही संबंध आहे, असे आमच्या व्यवसायातल्या कितीजणांना वाटते?

आणि आज? शहरी सदनिकांमध्ये घरकाम करणाऱ्या बाईचा कप कुठे ठेवलेला असतो, ते पाहावे. बहुधा मोरीजवळच्या फळीवर, कान तुटलेला. किंवा स्टीलचा, म्हणजे घरातल्या चिनी मातीच्या कपांत मिसळायला नको. कारण विचारले, तर उत्तर 'स्वच्छते'चे मिळते. विटाळ हा शब्द गेला, फळी राहिली. कित्येक कचेऱ्यांत साहेबांना कपबशी आणि शिपायाला कागदी पेला दिला जातो. त्या पेल्याने तर मोठीच सोय केली आहे : वेगळा कप विसळण्याचा आणि पालथा घालण्याचा प्रश्नच उरला नाही.

'गप्पांत कशाला जात आणता?' असे आम्हाला विचारले जाईल. आमचे उत्तर असे की, ती आम्ही आणलेली नाही. ती कपातच होती. आवडत्या पेयाची चर्चा करण्यापूर्वी एक गोष्ट घडलेली असावी लागते : कुणीतरी आपल्याला 'काय घेणार?' असे विचारलेले असावे लागते. ज्याला हा प्रश्न विचारलाच जात नाही, समोर ठेवले ते प्यावे लागते, त्याची आवड कुठल्या ललित लेखात येणार? आपण जिला 'रुची' म्हणतो, ती पुष्कळदा विचारले जाण्याच्या सवयीतून आलेली असते.

चहावर लिहू नये, असे आमचे म्हणणे नाही. वाफेवर लिहावे, वेलदोड्यावर लिहावे. पण समतेचा दाखला द्यायचा झाल्यास त्याआधी आपल्याच स्वयंपाकघरातल्या त्या फळीकडे एकदा पाहावे, तिथला कप उचलून इतर कपांत ठेवावा आणि मग बाईंना विचारावे, 'तुम्हाला चहा कसा आवडतो?' तेवढे जमले, तर पुढचा लेख आम्ही आवडीने वाचू.