मैदान तयार झाले, पायऱ्यांचे काय?

दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय पातळीवरचे क्रीडा केंद्र ग्वाल्हेरला उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2019 मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज होता सुमारे 171 कोटी रुपये. अटल बिहारी वाजपेयींच्या नावाचे ते केंद्र 2023 मध्ये सुरू झाले. याच शहराची प्राची यादव टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कनू शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. शेजारच्या भिंड जिल्ह्यातील सत्येंद्रसिंह लोहिया यांनी 2018 मध्ये रिले पद्धतीने इंग्लिश खाडी पोहून पार केली; 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हा ग्वाल्हेरकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे.

पण पदक मिळवणारे थोडे असतात. संध्याकाळी गाणे ऐकावे, मुलांबरोबर सहलीला जावे, आरतीला चार माणसांत उभे राहावे, एवढेच ज्यांना हवे असते ते पुष्कळ. त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्र पुरत नाही. त्यांचा प्रश्न कार्यक्रमाच्या दारापाशी सुरू होतो.

कायद्याने हा फरक ओळखला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी कलम 30 आहे, तर संस्कृती व मनोरंजनासाठी वेगळे कलम 29 आहे. नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरे, करमणूक केंद्रे यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पावले उचलावीत, असे ते सांगते. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत. किमान निकष सक्तीचेच हवेत.

किला गेटला उभे राहिले की या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. इथून गडावर जाणारी पूर्वेची वाट दरवाज्यामागून दरवाजा ओलांडत हत्तीपोळापर्यंत चढते आणि ती पायीच चढावी लागते. ही वाट व्हीलचेअरसाठी बदलता येणार नाही आणि वारशाच्या दृष्टीने बदलूही नये. पण पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडी वर जाते. म्हणजे सहलीचे पत्रक काढताना “किला गेटवरून चढाई” एवढेच न लिहिता “ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी उरवाईने गाडी” अशी ओळ घातली, तर चार कुटुंबे घरी थांबणार नाहीत. जिथे बांधकाम बदलता येत नाही, तिथे नियोजन बदलता येते.

खाली हजिऱ्याला तानसेनांची समाधी आहे. 2024 च्या डिसेंबरात तिथल्या समारोहाचे शंभरावे वर्ष साजरे झाले. त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरीचा मान दिला. दृष्टिहीन रसिकाला गाणे समजायला कोणाची मदत लागत नाही; मंडपापर्यंत पोहोचायला आणि परत रिक्षापर्यंत यायला लागते. उत्सव तात्पुरत्या मंडपात होतात, हे इथे सोयीचेच आहे. जुनी इमारत बदलणे अवघड, पण मंडप दर वर्षी नव्यानेच उभा राहतो.

आपल्या मंडळांनाही हेच लागू आहे. गणेशोत्सव असो की कोजागिरी, मोठा निधी लागत नाही. उताराचा साधा हिशेब एकास बारा असा आहे: 6 इंचांची पायरी असेल तर 6 फूट लांब फळी. व्हीलचेअरसाठी खुर्च्यांच्या रांगांमध्येच जागा सोडावी, कोपऱ्यात वेगळी नको. माणूस आपल्या घरच्यांजवळ बसायला येतो. स्वच्छतागृह पायऱ्यांवर नसावे. ऐकू न येणाऱ्यांसाठी सूचना लिहून लावाव्यात. ज्या मुलांना मोठा आवाज सोसत नाही, त्यांच्यासाठी लाउडस्पीकरपासून दूर एक खोली ठेवावी. आणि निमंत्रणातच विचारावे: आपल्याला काही विशेष सोय लागेल का?

यावर नेहमीचे उत्तर येते, “आपल्याकडे असे कोणी येतच नाही.” 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. ते आपल्याही घरांत आहेत. सभागृह पहिल्या मजल्यावर असेल, तर ते येणार नाहीत. आणि ते येत नाहीत म्हणून सभागृह पहिल्या मजल्यावरच राहील. हे चक्र तोडायचे तर पहिली पायरी मंडळानेच उतरायला हवी.

आणखी एक गोष्ट पैशांशिवाय होते. कार्यक्रम समितीत एखादी दिव्यांग व्यक्ती किंवा तिचे पालक असावेत. त्यांचा सत्कार करून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा त्यांना तारीख, जागा आणि वेळ ठरवू देणे जास्त मोलाचे. पाहुणा म्हणून मान मिळतो; सभासद म्हणून हक्क मिळतो. आपल्या समाजात त्यांना हक्काची जागा हवी आहे आणि ती देणे आपल्या हातात आहे.