सांभाळणारीलाही रोज लावा

सोयाबीनच्या काढणीचा बायांचा रोज धाराशिव जिल्ह्यात उघड्यावर ठरतो. पाराजवळ, किराणा दुकानासमोर, नाहीतर थेट बांधावर. शेतकरी एक आकडा बोलतो, बाया दुसरा, आणि थोडी बोलाचाली झाली की मधला आकडा पक्का होऊन शिवारभर तोच चालतो. गुत्तं घ्यायचं असेल तर एकराचा भाव वेगळा. टमटमचं भाडं कुणी द्यायचं, चहा कुणाचा, हेही आधीच बोलून घेतलं जातं. कुणी कमी पैशात कबूल झाली, तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या जणी तिला सोडत नाहीत. याच बायांची लेकरं ज्या बाईच्या पडवीत दिवसभर असतात, तिचा रोज मात्र कुणी ठरवत नाही. ती म्हणते, ‘काय द्यायचं ते द्या.’ लोकही तिला काय द्यायचं ते देतात.

हे पत्रक त्या ‘काय द्यायचं ते द्या’च्या विरोधात आहे.

अशा सांभाळणाऱ्या बाया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सापडतील. त्यांच्या दारावर पाटी नसते आणि कुठल्या दप्तरात नावही नसतं. धाराशिव शहरात दवाखान्यातल्या नर्सचं, एसटीच्या कंडक्टर बाईचं, कापड दुकानातल्या सेल्सगर्लचं लेकरू शेजारच्या मावशीकडे राहतं. तुळजापुरात पूजेचं साहित्य विकणारीला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला दुकानातून हलता येत नाही, तेव्हा तिच्याही लेकराला कुणाची तरी पडवी लागते. पत्र्याच्या अँगलला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. भिंतीला ओळीने पिशव्या टेकवलेल्या असतात आणि प्रत्येकीत एक डबा, दोन चड्ड्या, एक दुपटं. एकाला झोळीत झोपवावं तर दुसरं मोरीकडे रांगत निघतं. सकाळी आठला सुरू झालेला हा दिवस संध्याकाळी सहाला संपला, तर त्या दिवशी एसटी वेळेवर आली असं समजायचं.

या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका मावशीकडे पाच लेकरं आहेत आणि दर लेकरामागे महिन्याला 1,000 रुपये मिळतात. हातात पाच हजार येतात आणि शेजारीपाजारी म्हणतात, घरबसल्या बरं सुटतं. पण महिन्याचे 26 दिवस धरले तर एका लेकराचे दिवसाला साधारण 38 रुपये पडतात. दहा तासांवर भागले तर ताशी चार रुपयेही नाहीत. दूध, मऊ भात, साबण, गॅस आणि पंख्याचं बिल मिळून लेकरामागे दिवसाला अवघे 20 रुपये खर्च धरला, तरी महिन्याला 2,600 रुपये तिथेच जातात. उरतात 2,400. म्हणजे दहा तासांच्या कामाचा रोज 92 रुपये. एवढ्या पैशात काढणीला यायला जिल्ह्यातली एकही बाई तयार होणार नाही, आणि तिला तसं विचारायची हिंमतही कुणी करणार नाही.

त्यात खाडे आहेत. लेकराला ताप आला, चार दिवस आलं नाही, तर चार दिवसांचे पैसे कापले जातात. आई दिवाळीला माहेरी गेली की आठवडा कापला जातो. लेकरू आलं नाही म्हणून मावशीचं घरभाडं कमी होत नाही आणि ती जागा चार दिवसांसाठी दुसऱ्या लेकराला देताही येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग बंद होते म्हणून इंग्रजी शाळेची फी कापून भरणारा पालक अजून जन्मायचा आहे. तोच पालक मावशीपुढे मात्र कॅलेंडर घेऊन बसतो. दर जागेचा असतो, हजेरीचा नव्हे, हे दोन्ही बाजूंनी एकदा मान्य केलं की निम्मी भांडणं मिटतात. मावशी स्वतः आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं, तर तिनेही त्या दिवसाचे पैसे घेऊ नयेत. नियम दोघांनाही सारखा.

मग वाजवी दर किती? त्यासाठी कुठली समिती नेमायची गरज नाही. आकडा सरकारनेच लिहून ठेवला आहे. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत एक तरतूद आली: कामावर आलेल्या बायांबरोबर पाच किंवा जास्त लहान लेकरं असतील, तर त्यांच्यातलीच एक बाई लेकरं सांभाळायला नेमायची आणि तिला मजुरीचा दर द्यायचा. ज्या महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली आणि 1977 साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्राला तरी हे कलम परकं वाटायला नको. 2025-26 साली राज्यातला हा दर रोजचा 312 रुपये होता. खडी वाहणारीला 312, आणि तिचं लेकरू झाडाखाली सांभाळणारीलाही 312. लेकरं सांभाळणं हे काम आहे आणि त्याला पूर्ण रोज आहे, एवढं कायद्याने कबूल केलं आहे.

आठ तासांचे 312, म्हणजे तासाला 39. दहा तासांचे 390. पाच लेकरांत वाटले तर लेकरामागे 78 रुपये. खाणंपिणं मावशीचं असेल तर वर 20. म्हणजे 98 रुपये रोज, महिन्याला साधारण अडीच हजार. हा चढा भाव नाही, खालचा भाव आहे. यात जादा तासांना दुप्पट नाही, जागेचं भाडं नाही आणि झोळीतल्या तान्ह्याला जास्त लक्ष द्यावं लागतं त्याचाही एक पैसा धरलेला नाही. लेकरं तीनच असतील तर दर दीडशेवर जातो. तो खाली आणण्यासाठी एकाच बाईच्या खोलीत दहा लेकरं कोंबायची वाट मोकळी आहे, पण मग पडलं-झडलं तर दोष तिला देता येणार नाही.

याच हिशेबाने सरकारलाही तपासलं पाहिजे. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेचं मानधन महिन्याला 3,000 आणि मदतनिसाचं 1,500 रुपये होतं. 2022 साली ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ योजना आली. अंगणवाडीतच पाळणाघर चालवायचं, 25 लेकरांमागे दोघी नेमायच्या, आणि केंद्राच्या हिशेबात पाळणा सेविकेला 5,500, तर मदतनिसाला 3,000. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे साडेसात तास. म्हणजे सेविकेचा रोज पडतो 211 रुपये आणि मदतनिसाचा 115. रस्त्याच्या कामावर झाडाखाली 312 चं असलेलं काम अंगणवाडीच्या छपराखाली येताच 211 चं होतं. मजुरी म्हटलं की कायदा आडवा येतो. मानधन म्हटलं की येत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेल्या आणि नवं वर्ष उजाडलं तरी रस्त्यावर होत्या, त्यामागे हाच ‘मान’ होता.

धाराशिवला 2018 साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि हा. इथल्या बालकांची वजनं मोजली जातात, उंची मोजली जाते, तक्ते भरले जातात. आई कामावर गेल्यावर त्या बालकाला दुपारी भरवतं कोण, हा रकाना कुठेच दिसत नाही. 2024 च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात बायांचे दिवसाला 289 मिनिटं आणि पुरुषांचे 88 मिनिटं जातात असं निघालं. ज्या कामाला घरात पैसे नाहीत, ते शेजारी नेलं म्हणून त्याला पैसे का द्यायचे, हा विचार या आकड्यांतून येतो. ‘तशी ती घरीच असते’ हे वाक्य त्याचंच पिल्लू.

आता खरी अडचण. 312 कमावणाऱ्या आईने 98 द्यायचे, म्हणजे रोजाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. दोन लेकरं असतील तर 196, आणि मग कामावर जाण्यात अर्थच उरत नाही. सांभाळणाऱ्या बाया हे जाणतात, म्हणून तर आकडा बोलताना त्यांची जीभ अडखळते. पलीकडचीही त्यांच्यासारखीच गरीब असते. पण एका गरिबीची भरपाई दुसऱ्या गरिबीने करायची, आणि ज्यांना या दोघींच्या कामाचा फायदा होतो त्यांनी लांबून बघायचं, हा न्याय कुठला? नोकरदार घराने 98 रुपये पूर्ण द्यावेत, कुरकुर न करता. दुचाकीचं पेट्रोल आणि मोबाइलचं रिचार्ज भरताना ते घर घासाघीस करत नाही. मजूर आईच्या बाबतीत दर तोच राहावा, पैसे भरणारे दोन व्हावेत.

जगात हे झालेलं आहे. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने 1997 साली आईबापांनी रोज फक्त 5 डॉलर द्यायचे असं ठरवलं आणि बाकीचा भार सरकारने उचलला. कोलंबियात 1986 पासून वस्तीतल्या बाया आपापल्या घरात डझनभर लेकरं सांभाळत आल्या. त्यांना ‘समाजमाता’ म्हणायचे आणि हातावर मानधन टेकवायचे. कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे झाले, आणि 2014 पासून त्यांना किमान वेतनाइतका पगार मिळू लागला. इतक्या लांब जायचं नसेल तर उमरग्याहून कर्नाटकात डोकवावं. तिथल्या सरकारने 2023 साली ‘कूसिन मने’ या नावाने 4,000 ग्रामपंचायतींत पाळणाघरं उघडायचं ठरवलं आणि सांभाळणाऱ्या बायांना रोजगार हमीचा दर लावला. उमरग्यापासून सीमा किती लांब आहे, हे मुंबईत बसणाऱ्यांनी नकाशावर बघावं.

ऊसतोडीचा विषय इथे टाळता येत नाही. भूम, वाशी, कळंब आणि परांड्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि उचलही दोघांच्या नावावर. लेकरांचं काय? पहाटे तोड सुरू होते तेव्हा खोपीवर धाकट्याला सांभाळायला थोरली मागे राहते. ती आठ-नऊ वर्षांची असते. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं आणि तिचा रोज असतो शून्य. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं संप करून, लवादापुढे बसून मिळवली. त्या बोलण्यांत टन होते, वाहतूक होती, मुकादमाचं कमिशन होतं. खोपीवरच्या थोरलीचा विषय कुणाच्याच अजेंड्यावर नव्हता. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशातून प्रत्येक फडावर दोन सांभाळणाऱ्या बायांचा रोज निघाला पाहिजे. ढोकी, रांजणी, मुरूम भागात इथल्याच कारखान्यांवर बाहेरचे मजूर येतात, त्यांच्या तळांवरही हाच नियम हवा.

‘लाडक्या बहिणीचे 1,500 मिळतात की’ असं काही जण म्हणतील. मिळतात, पण ती मदत आहे. तिचा मावशीच्या दहा तासांशी काही संबंध नाही. उद्या कुणी नर्सला म्हणेल काय, की बाई, तुमच्या खात्यात 1,500 आले, आता पगार कमी घ्या?

दर एकेकीने ठरवून चालणार नाही, कारण एकीने 98 म्हटलं की तिसऱ्या गल्लीतली 50 म्हणते. ठरवायचं तर साऱ्यांनी मिळून. या जिल्ह्याला ते नवीन नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूरसारखी गावं पडली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत लातूर आणि धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) खेड्यांतल्या बाया संवाद सहायक, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचं काम त्यातूनच इथे रुजलं. सही करायला लाजणाऱ्या बाया इंजिनिअरला सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या. पुढे बचत गट आले, महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) आले, उमेद अभियानाचे आले. बचतीचा हप्ता, व्याज, दंड ठरवणाऱ्या या गटांना सांभाळण्याचा दर ठरवणं अवघड नाही. तो विषय कुणी बैठकीत काढत नाही, एवढंच.

तो काढायची जागाही ठरलेली आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे पैसे बहुतेक वेळा कशावर जातात, ते गावोगावच्या बायांनाच विचारावं. पुढच्या महिला सभेत ठराव लिहून घ्यावा: गावातल्या सांभाळणाऱ्या बायांची नोंद करायची, पाच लेकरांमागे एक बाई आणि तिचा रोज रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही, मजूर आईने लेकरामागे 30 रुपये द्यायचे आणि उरलेले पंचायतीने दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत बाईच्या खात्यावर टाकायचे, लेकराचे खाडे कापायचे नाहीत. आणि संध्याकाळी सहानंतर लेकरू राहिलं तर तासाला 39 रुपये वेगळे, मग एसटी उशिरा आली असली तरी.