चीनच्या पडझडीतला मुंबईचा वाटा

चिनी साम्राज्य कसे कोसळले, याचे आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. दरबार गाफील होता, तोफा जुन्या होत्या, इंग्रज आगबोटी घेऊन आले आणि कारभार आटोपला. मी शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला. अफूच्या युद्धांना पुस्तकात जेमतेम चार ओळी मिळायच्या आणि त्यांत मुंबईचे नावही नसायचे. हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी, पहिले अफू युद्ध मिटवणाऱ्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या इंग्रज युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधलेली. त्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे परक्यांना खुली झाली आणि २ कोटी १० लाख डॉलर चीनच्या माथी बसले. त्यातले ६० लाख निव्वळ नष्ट केलेल्या अफूची भरपाई. ज्याच्या घरात विष आणून ओतले, त्याच्याकडूनच विषाची किंमत वसूल केली!

ती अफू नष्ट करणारा अधिकारी लिन झेशू. सम्राटाने पाठवलेला हा माणूस १८३९ मध्ये कँटनला पोचला. परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडून त्याने २० हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या. हुमेनच्या किनाऱ्यावर चर खणून, मीठ आणि चुना घातलेल्या पाण्यात ती अफू विरघळवून समुद्रात सोडली. काम २३ दिवस चालले. एवढी घाण सोडणार म्हणून त्याने समुद्रदेवतेची क्षमाही मागितली होती. अधिकारी असावा तर असा. युद्ध अंगाशी आल्यावर मात्र सम्राटाने त्यालाच दोषी धरून दूर पश्चिमेला इलीला हद्दपार केले. दरबार आतून पोखरलेला होताच, ते झाकण्याचे कारण नाही.

पण चीनला जाणाऱ्या अफूतली बरीच अफू कुठली होती? माळव्याची. शिंदे-होळकरांच्या मुलखातली, उज्जैन-इंदूरच्या आसपास पिकणारी. मुंबईहून ती जहाजांवर चढे आणि कंपनी सरकार तिच्यावर परवान्याचे पैसे घेई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, परवाना चुकवणारी कराचीची वाट बंद झाली, आणि परवान्याचा दर चढत चढत १८४७ पर्यंत पेटीमागे ४०० रुपयांवर गेला. सर जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत चीनच्या व्यापारातली. त्यात कापूस होता, तशी अफूही होती. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आजही गोरगरीब बरे होऊन घरी जातात. त्या दानाबद्दल मला आदर आहे. तरी पैसा कुठून आला, हे सांगितलेच पाहिजे.

कारण तिकडे चीनमध्ये या व्यापाराची झळ शेतकऱ्याला लागली. चांदी देशाबाहेर वाहू लागली. इतर कारणे होती, पण अफू हे मोठे कारण. शेतकऱ्याच्या हाती यायची तांब्याची नाणी, सारा मात्र चांदीच्या हिशेबाने. जितकी चांदी पूर्वी हजार नाण्यांना पडायची, तितकीला १८४० च्या दशकात दोन हजारांच्या आसपास मोजावी लागली. साऱ्याचा आकडा तोच, बोजा जवळपास दुप्पट. पुढे दक्षिणेतून ताइपिंग बंड उठले, १८६४ पर्यंत धुमसत राहिले आणि कोट्यवधी माणसे त्यात गेली. चीनवर राज्य करणारे चिंग घराणे त्यातून पुरते सावरलेच नाही.

अफूचा व्यापार पाप आहे असे म्हणणारा माणूसही मुंबईचाच होता. अफूच्या नफ्यात वाटा नको म्हणून दादाभाई नौरोजींनी कामा कंपनी सोडली आणि पुढे आपल्या लिखाणात या व्यापाराचा उघड धिक्कार केला.

सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमींवर उपचार करता करता वारले. ती कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण पाठ्यपुस्तकात तिच्या आधीच्या पानावर माळव्याच्या पेट्या, मुंबईची गोदी आणि ‘कॉर्नवॉलिस’ही छापली पाहिजे.