पुढच्या चाकांची दरखास्त

वाशीच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पावसाळ्याच्या पहाटे भाजीपाला घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांची चिखलाने लिंपलेली मागची मडगार्डे ज्याने एकदा न्याहाळली असतील, त्याला हे निराळे सांगावे लागणार नाही की, माळशेज घाट उतरून आलेल्या त्या गाडीच्या प्रवासाचा सर्वांत कठीण टप्पा घाटातला नसून, जुन्नर-ओतूरकडच्या एखाद्या शेताच्या बांधापासून डांबरी सडकेपर्यंतचा, चार-पाचशे पावलांचा असतो. काळ्या रानात पाणी मुरले की मागचे एक चाक जागच्या जागी गरगर फिरते, दुसरे स्वस्थ उभे राहते, आणि भरलेल्या क्रेट एकेक करून उतरवीत, शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर येईपर्यंत चालक आणि शेतकरी परस्परांकडे पाहत बसतात. अशा वेळी गाडीच्या मालकाच्या मनात जो विचार येतो तो अगदी स्वाभाविक आहे: इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोघांनाही मिळाला तर? तुर्भे-कळंबोलीकडच्या गॅरेजांतून हा प्रश्न विचारला, तर ‘होऊन जाईल, शेठ’ असे उत्तर सहसा मिळते. परिवहन कार्यालयात विचारला, तर होणार नाही असे मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे सारखीच उतावळी आहेत.

चारही चाकांना जोर देण्याची युक्ती आपल्याकडे नवी मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली विलीज जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवावयास आरंभ केला, आणि मामलेदारापासून पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरपर्यंत सरकारी दौऱ्यांचे ते जणू अधिकृत वाहन होऊन बसले. पुढे त्याच घराण्याच्या जीपा, किंमत कमी राहावी म्हणून, केवळ मागची चाके ओढणाऱ्या रूपातही विकल्या गेल्या. आणि मग ज्यांना डोंगर-चिखल चुकत नव्हता अशा मालकांनी, लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपांचे सुटे भाग मिळवून, कारखान्याने वगळलेली ती पुढची यंत्रणा मिस्त्रींकडून पुन्हा बसवून घेतली. जुन्या जीपांच्या बाबतीत हा उद्योग तुलनेने सुकर होता, कारण दोन्ही रूपांची चेसिस एकाच कुळातली, आणि पुढचे पाटे व बोल्टांची भोके बहुधा जुळणारी असत. आजच्या पिकअपचे तसे नाही, आणि ‘होऊन जाईल’ या शब्दांतला सारा धोका येथेच लपलेला आहे.

काम नेमके काय असते ते पाहू. दोन चाकी जोराच्या गाडीचा पुढचा आस केवळ वजन पेलतो आणि वळतो. त्याच्या जागी असे हाउसिंग यावे लागते की ज्याच्या पोटात क्राऊन-पिनियन असेल आणि ज्याच्या टोकांना, चाक वळलेले असतानाही जोर पोहोचविणारे जॉइंट असतील. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवावी लागते. तिच्यातून एक शाफ्ट मागे, एक पुढे जातो. तो पुढे जाण्यासाठी इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली जागा करावी लागते, आणि जागा करण्यासाठी गाडी उंच करावी लागते. गाडी उंच झाली की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, आणि वळणावर कलंडण्याची प्रवृत्ती वाढते. ज्या गाड्यांची पुढची चाके स्वतंत्र दांड्यांवर झुलतात, त्यांच्या बाबतीत तर चेसिसचा पुढचा भाग कापून-जोडून नवाच करावा लागतो, म्हणजे ज्या वेल्डिंगवर माणसांचे प्राण अवलंबून राहायचे, त्याची पारख करणारा कोणीही त्या जागी नसतो.

याहून सूक्ष्म गोष्ट दात्यांची आहे. जुन्या जीपेच्या हाउसिंगमधल्या क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतात. समजा, आपल्या पिकअपच्या मागच्या हाउसिंगमध्ये हाच हिशेब ४१ आणि ११ असा आहे. ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एका गतीला बांधले, की मागची चाके शंभर हात पुढे जाऊ पाहतील तेवढ्या अवधीत पुढची एकोणसत्तर हातच जाऊ पाहतील. चिखलात हा तंटा कसाबसा निभावेल, पण कोरड्या सडकेवर टायर घासून निघतील, नाहीतर कोठले तरी पोलाद तुटेल. जाणता मिस्त्री म्हणूनच जुन्या बाजारातून आलेले हाउसिंग ठोकळ्यांवर ठेवून, दोन्ही चाकांवर आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून, चाकांची एक पूर्ण फेरी होईपर्यंत फ्लँज किती वेळा फिरली हे आधी मोजतो आणि मगच किमतीची घासाघीस सुरू करतो. ते मोजण्याचे ज्याला सुचत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

आणि एवढे सर्व यथासांग झाले, तरी लाभ किती? चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी चिखलातून निघते, पण थांबण्याच्या बाबतीत तिची शक्ती तसूभरही वाढत नाही. तेव्हा घाटाच्या उतारावर जो चालक चारचाकी जोराच्या भरवशावर बिनदिक्कत वेग वाढवील, त्याला भौतिकशास्त्र सवलत देणार नाही. शिवाय मालवाहू गाडीचे भारासह एकूण वजन नोंदणीच्या वेळीच ठरून गेलेले असते, म्हणून खाली चढविलेल्या लोखंडाचा प्रत्येक किलो वरच्या टोमॅटोंतून वजा होतो, आणि वर्षाचे बारा महिने वजा होतो. माझे स्पष्ट मत असे की, ज्याची गाडी वर्षातून मोजके दिवस रुतते त्याने चिखलाचे टायर घ्यावेत. त्याने भागले नाही तर मागच्या आसाला, दोन्ही चाकांना एकत्र बांधणारे लॉकिंग डिफरन्शियल मिळते का ते विचारावे, कारण रुतलेल्या पिकअपचे दुखणे अनेकदा दोन चाके कमी असण्याचे नसून, होती त्या दोनांपैकी एकच राबत असण्याचे असते. हौसेखातर गाडी उंच करून पाम बीच रस्त्यावर मिरविणाऱ्या मंडळींचा विचार मी येथे करीतच नाही. त्यांच्या गाडीला चिखल लागतो तो बहुधा धुण्याच्या केंद्रावर.

तरीही काही जण उरतात. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर धान्य आणि औषधे पोहोचविणारा, विजेच्या खांबांची दुरुस्ती करणारा कंत्राटदार, कर्जत-खालापूरकडच्या कच्च्या वाटेवर रोज जाणारा दूधवाला: यांची गरज खरी आहे, नवी चारचाकी जोराची गाडी घेण्याची ऐपत मात्र प्रत्येकाची नाही. त्यांच्या दरखास्तीला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल करण्यास मालकाला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अधिक कडक शब्दांत अधोरेखित केली. आणि त्याच वर्षीच्या सुधारणा अधिनियमाने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. ट्रान्सफर केस आणि हाउसिंग चढविले की रिकाम्या गाडीचे वजन बदलते, म्हणजे तपशील बदलतोच, आणि अपघातानंतर विमा कंपनी प्रथम हेच बोट दाखवील.

परंतु त्याच २०१९ च्या दुरुस्तीत संसदेने एक मुभाही ठेवली आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही: वाहनांतील बदल आणि रेट्रोफिटिंग यांच्यासाठी विनिर्देश व मान्यतेच्या अटी विहित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. सीएनजीच्या संचाला, बॅटरीवर गाडी चालविण्याच्या संचाला मान्यतेची रीतसर वाट आहे. संच तपासला जातो, बसविणाऱ्याची जबाबदारी ठरते, नोंदणीपुस्तकात बदल चढतो. स्फोटक वायूचा सिलिंडर ज्या गाडीत सरकारी संमतीने बसू शकतो, तिच्यात तपासलेले हाउसिंग का बसू नये, याचे समर्पक कारण मला तरी आढळलेले नाही. अमुक मॉडेलसाठी अमुकच संच, गाडीच्या उत्पादकाच्या किंवा मान्य कारखान्याच्या शिक्क्याचा; लिलावातल्या भागांची सरमिसळ नाही; चेसिसला कापाकापी नाही; आणि वजनाच्या काट्यावर नव्याने मोजून कमी झालेली भारक्षमता प्रमाणपत्रावर लिहिलेली, एवढ्या अटी पुरेशा आहेत.

यावर हरकत घेतली जाईल ती अशी की, तपासणार कोण? पुण्यात एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था १९६६ पासून आहे. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, जिच्या लष्करी कामात चारचाकी जोराच्या गाड्या ही नित्याची बाब. देशात हे ज्ञान महाराष्ट्राइतके एकवटलेले राज्य विरळाच. राहिला प्रश्न पुढच्या देखरेखीचा. मालवाहू पिकअपला आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरसाल योग्यता प्रमाणपत्रासाठी तपासणीला उभे राहावेच लागते. तेव्हा नवे दप्तर नको, नवी कचेरी नको. वाशी आणि पनवेलच्या तपासनीसांना पुढच्या हाउसिंगखाली टॉर्च घेऊन वाकावयास, आणि जॉइंटांना हात लावून पाहावयास, एक अधिक रकाना तपासणीच्या फॉर्मवर द्यावा लागेल. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे तशी शिफारस राज्याच्या परिवहन आयुक्तांनी धाडावी, आणि ती जाईपर्यंत कोणा पिकअपवाल्याला ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीने, त्याच दमात, नोंदणीपुस्तकाचे आणि विम्याचे काय होईल तेही सांगून टाकावे.